समुद्रकाठची शिबिरं आणि आपलं मागचं अंगण

(रौप्यमहोत्सवी वर्षात दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आपल्याच एका सभासदाचे व्याख्यान ठेवले होते. त्यांतील हे चौथे. वक्त्या बी विंगमधील रहिवासी असून त्यांनी तीस वर्षे वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना आरेखन शिकवले. भाषण मोबाइलवरील ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतले आहे. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



गेल्या महिन्यात डॉक्टरसाहेब मधुमेहावर बोलले तेव्हा खुर्च्या कमी पडल्या होत्या. आज पुरून उरल्या आहेत. सेक्रेटरीसाहेबांनी मला आधीच सावध केलं होतं. म्हणाले, "मॅडम, इटलीतल्या इमारतींपेक्षा आपली गच्ची दर पावसाळ्यात का गळते त्यावर बोला, सगळे येतील." गच्चीवरही बोलीन कधीतरी. पण आजच्या विषयाचा आपल्या सोसायटीशी संबंध आहे. तो कुठे आहे ते शेवटी सांगते, म्हणजे तुम्ही मधेच उठून जाणार नाही.

विषय असा : इटलीत समुद्राच्या काठी कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी सुट्टीची शिबिरं असत. उन्हाळ्यात मुलांना महिनाभर तिथे ठेवायचं, खायला-प्यायला घालायचं, समुद्रात डुंबवायचं आणि परत घरी पाठवायचं. त्यासाठी खास इमारती बांधल्या, आणि त्याही नामवंत वास्तुविशारदांकडून. इटालियन भाषेत त्यांना म्हणतात 'कोलोनिया'. म्हणजे कॉलनीच की! तेव्हा आपण काही फार लांब गेलेलो नाही.

मी या विषयाकडे कशी वळले ते सांगते. माझे वडील कुर्ल्याला मोटारीच्या कारखान्यात फिटर होते. फियाट गाडी तिथे तयार व्हायची. तिचंच नाव पुढे पद्मिनी झालं, आणि काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती आपण सगळ्यांनी पाहिली. रस्त्यावरून टॅक्सी गेली की बाबा म्हणायचे, "ही आपली." आमच्या मालकीची गाडी कधी झाली नाही, पण मुंबईतल्या सगळ्या टॅक्स्या आमच्या होत्या. २०२३ साली मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून निघाली, त्या दिवशी मी बाबांच्या फोटोसमोर उदबत्ती लावली. सून हसली, पण लावली.

पुढे मुलगा नोकरीसाठी तोरिनोला गेला. तोरिनो म्हणजे फियाटचं माहेर. तिथे लिंगोत्तो नावाचा फियाटचा जुना कारखाना आहे, १९२३ साली सुरू झालेला. पाच मजली. खालच्या मजल्यावर कच्चा माल आत यायचा, मजल्यामजल्याने गाडी आकाराला येत वर जायची, आणि तयार झाली की गच्चीवर तिची चाचणी व्हायची. गच्चीवर रस्ता, कडेला उतार दिलेली वळणं! वर-खाली जायला इमारतीच्या टोकांना गोल गोल फिरत चढणारे रॅम्प. आता त्या गच्चीवर बाग केली आहे. मी तिथे उभी राहून बाबांची आठवण काढली आणि मुलाला म्हटलं, "फियाटने आणखी काय काय बांधलंय ते दाखव." तो मला मारिना दी मास्सा नावाच्या गावी घेऊन गेला. इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावर, मागे संगमरवराचे डोंगर आणि पुढे समुद्र.

तिथे समुद्राला लागून एक पांढरा गोल मनोरा उभा आहे. पन्नास मीटरहून उंच, म्हणजे आपल्या सात मजली इमारतीच्या दुपटीहून जास्त. सगळीकडून सारख्या आकाराच्या चौकोनी खिडक्या, रांगेवर रांग. १९३३ साली फियाटने तो आपल्या कामगारांच्या मुलांसाठी बांधला. आराखडा विक्तोरिओ बोनादे बोत्तीनो या त्यांच्या इंजिनियरचा. लिंगोत्तो त्यांचा नव्हे, पण पुढे फियाटचा मीराफिओरी हा मोठा कारखाना त्यांनीच उभारला.

आता या मनोऱ्यात आत काय होतं? खोल्या नव्हत्या. मधोमध पोकळी, आणि तिच्याभोवती तळापासून वरपर्यंत फिरत जाणारा एकच अखंड रॅम्प. त्या रॅम्पच्या कडेने मुलांच्या खाटा. एक खाट, पुढची खाट जरा वर, त्याच्या पुढची आणखी जरा वर. शेकडो मुलं एकाच लांबच लांब शयनगृहात, आणि ते शयनगृह स्क्रूच्या आट्यांसारखं वर गेलेलं.

मी पन्नास वर्षं नकाशे वाचते आहे. तो नकाशा पाहिला तेव्हा पहिल्यांदा तोंडातून 'वा!' आलं, हे कबूल करते. जिन्याची कटकट नाही, मजल्यामजल्याच्या भिंती नाहीत, प्रत्येक खाटेला खिडकी, हवा खेळती. जागेची केवढी काटकसर! मग रात्री झोपताना लक्षात आलं की हे मी आधी पाहिलंय. लिंगोत्तोत गाड्या ज्या रॅम्पवरून फिरत होत्या, तसाच हा रॅम्प. तिथे गाडी, इथे मूल. कारखान्याच्या इंजिनियरला मुलांसाठी घर बांधायला सांगितलं आणि त्याने जे उत्तम येत होतं ते केलं. मुलं आत येणार, महिनाभर थांबणार, सुधारून बाहेर पडणार. आत येताना वजन, बाहेर जाताना वजन.

वजनाचं मी गमतीने म्हणत नाही. त्यामागे इतिहास आहे. या शिबिरांचं मूळ दवाखान्यात आहे. १८५६ साली वियारेज्जो या किनाऱ्यावरच्या गावात जुझेप्पे बारेल्लाई नावाच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने गरीब मुलांसाठी समुद्रकाठचा आश्रम सुरू झाला. गंडमाळा झालेली मुलं तिथे आणायची. हा क्षयाचाच एक प्रकार. तेव्हा औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन यायला अजून नव्वद वर्षं होती. खारी हवा, ऊन, समुद्रस्नान आणि पोटभर अन्न, एवढाच उपाय. आपल्याकडे मिरजेला, पाचगणीला क्षयाची सॅनेटोरियम झाली, त्यांचा विचारही असाच होता. अशा इमारती कशा असतात? खाट-खिडकी-खाट-खिडकी. उंच छत, रुंद व्हरांडे, समुद्राकडे तोंड. तिथे मुलाकडे बघायची नजर डॉक्टरची. मूल म्हणजे एक जोडी फुप्फुसं. त्या काळी तेही थोडं नव्हतं, कारण फुप्फुसं वाचली तर मूल वाचत होतं.

मग १९२२ साली मुसोलिनी सत्तेवर आला आणि या शिबिरांचं रूपच बदललं. सरकारी पक्ष, मोठ्या कंपन्या, निरनिराळ्या शहरांच्या संस्था, सगळे किनाऱ्यावर बांधकाम करू लागले. १९३९च्या उन्हाळ्यात समुद्रावरच्या, डोंगरातल्या आणि नदीकाठच्या मिळून अशा शिबिरांत आठ लाखांच्या आसपास मुलं होती. विचार करा, आठ लाख! सकाळी झेंडावंदन, कवायत, मग रांगेने समुद्रावर. शिट्टी वाजली की पाण्यात, शिट्टी वाजली की बाहेर. दुपारी सक्तीची झोप. सगळ्यांना एकसारखा गणवेश, एकसारख्या टोप्या. त्या काळची छायाचित्रं पाहिली तर वाळूवर मुलांची नक्षी काढल्यासारखं दिसतं. आणि मंडळी, तीच गोम आहे. वरून पाहणाऱ्याला नक्षी दिसते. नक्षीतल्या ठिपक्याला काय दिसतं?

इमारतीही तशाच, लांबून पाहण्यासाठी. पूर्व किनाऱ्यावर कात्तोलिका गावी क्लेमेंते बुझीरी वीची या वास्तुविशारदाने १९३४मध्ये जहाजांचा ताफाच उभा केला. मधे मोठी इमारत, तिच्या दोन्ही बाजूंना समुद्राकडे निघालेल्या बोटींसारखी शयनगृहं. हे शिबिर कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी नव्हतं, परदेशी राहणाऱ्या इटालियन लोकांच्या मुलांसाठी होतं. पण हौस तीच. पीसाजवळ कालांब्रोने इथे रेल्वे आणि पोस्टातल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी अंजोलो मात्सोनी यांनी शिबिर बांधलं. ते स्टेशनं आणि पोस्ट ऑफिसं बांधणारे. त्यांनी पाण्याच्या टाक्या लपवल्या नाहीत, उलट त्यांना बाहेरून गोल जिने गुंडाळून मिरवल्या. आपल्या टाकीला साधी धड शिडी नाही, हे मी मागच्या सभेत सांगितलंच होतं. (हशा)

तुम्ही म्हणाल, एवढी टीका करता, पण मुलांचं भलं झालं ना? झालं. हे मला प्रामाणिकपणे सांगायलाच हवं. तोरिनोला मुलाच्या शेजारी एक आजोबा राहतात, फियाटमधून निवृत्त झालेले. युद्ध संपल्यावर काही वर्षांनी, आठ वर्षांचे असताना, ते त्या मनोऱ्यात महिनाभर राहून आले होते. मला नकाशा हातात घेऊन बसलेली पाहून ते बोलायला आले. मुलगा मधे बसून सांगत होता. मी विचारलं, मनोऱ्याबद्दल काय आठवतं? मला वाटलं, उंची सांगतील, समुद्राचा देखावा सांगतील. ते म्हणाले, "माझ्या खाटेचा नंबर. दोनशे चौदा." मग म्हणाले, "पास्ता दुसऱ्यांदा मागितला तरी द्यायचे. घरी असं नव्हतं." मग जरा थांबले. "रात्री कुणीतरी रडायला लागायचं. त्या पोकळीतून आवाज वर यायचा, पण कोण रडतंय ते कळायचं नाही. मग सगळेच रडायचे." आणि शेवटी म्हणाले, "समुद्र मी पहिल्यांदा तिथेच पाहिला."

नंबर, पास्ता, रडणं आणि समुद्र. मी तीस वर्षं विद्यार्थ्यांना शिकवलं, पण इमारतीचं इतकं नेमकं परीक्षण कुणी केलेलं मला आठवत नाही.

आता लगेच असं समजू नका की हुकूमशाही होती म्हणून इमारती वाईट, आणि लोकशाही आली की चांगल्या. इतकं सोपं नाही. पूर्व किनाऱ्यावरच चेझेनातिको गावी आजिप या तेलकंपनीने कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी १९३८मध्ये शिबिर बांधलं. तेव्हाही सत्ता मुसोलिनीचीच. झेंडाही तोच, शिट्टीही तीच. पण वास्तुविशारद होते जुझेप्पे व्हाक्कारो, बोलोन्याचे. त्यांनी मनोरा केला नाही, जहाज केलं नाही. किनाऱ्याला समांतर एक लांब, आडवी, शांत इमारत केली आणि ती खांबांवर उचलली. आपल्या भाषेत सांगायचं तर स्टिल्टवर. खाली मोकळी सावली. डोक्यावर ऊन आलं की मुलं त्या सावलीत खेळणार, आणि खांबांच्या मधून समोर समुद्र. मूल साडेतीन-चार फुटांचं असलं तरी त्याला जमिनीवर उभं राहून समुद्र दिसतो, कुणी उचलून घ्यावं लागत नाही.

ती जागा पाहिली आणि मला आपल्या स्टिल्टची आठवण झाली. आपणही इमारत खांबांवर उचललेली आहे. खाली काय आहे ते तुम्हाला माहीत आहे.

मग युद्ध आलं. जर्मन फौजांनी इटली आडवी कापणारी संरक्षणरेषा उभी केली, तिला गॉथिक रेषा म्हणत. तिचं पश्चिमेचं टोक मास्साच्या जवळ आणि पूर्वेचं पेझारोजवळ, कात्तोलिकाच्या अलीकडे. म्हणजे दोन्ही टोकं नेमकी या मुलांच्या किनाऱ्यांवर! शिबिरांच्या इमारतींत सैन्य राहिलं, इस्पितळं झाली. इथे आपलाही एक धागा आहे. त्या लढाईत मराठा रेजिमेंटचे जवान होते. माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीतच पडले, आणि नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर जखमी साथीदारांना पाठीवर घेऊन आणलं. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. सेनिओ नदी त्या पूर्वेच्या किनाऱ्यापासून फार लांब नाही. आपल्या गावाकडची मुलं तिकडे अशी पोचली होती, हे मला तिथे उभं असताना आठवलं. सुट्टीला नव्हे.

युद्धानंतर शिबिरं पुन्हा भरली, पण काही लोकांनी नव्याने विचार सुरू केला. टाइपरायटरवाली ओलिवेत्ती कंपनी आठवते ना? त्यांनी मारिना दी मास्सालाच कामगारांच्या मुलांसाठी शिबिर केलं, आणि मुलांना शिट्टीवर चालवण्याऐवजी लहान गटांत, प्रशिक्षित शिक्षकांबरोबर ठेवलं. रिच्चोने इथे जानकार्लो दे कार्लो या वास्तुविशारदाने १९६१ ते ६३मध्ये वीज कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी इमारत बांधली. तिथे एक अवाढव्य शयनगृह नाही. इमारत लहान लहान भागांत मोडली आहे, मुलांच्या गटांच्या मापाने. एवढ्या मोठ्या जागेत मुलाला 'माझा कोपरा' सापडावा, ही त्यामागची धडपड. विटा त्याच, काँक्रीट तेच, समुद्र तोच. बदललं काय? मनोऱ्याच्या वेळी प्रश्न होता, आठशे मुलं कुठे मावतील? इथे प्रश्न झाला, एक मूल रात्री जागं झालं तर त्याला काय दिसेल?

आणि गंमत पाहा. बरोबर प्रश्न सुचला तोवर शिबिरांचे दिवस भरत आले होते. १९५५मध्ये फियाटने सहाशे नावाची छोटी गाडी काढली, १९५७मध्ये आणखी छोटी पाचशे. कामगाराला हप्त्याने परवडेल अशी. पगारी रजा होतीच. आता मुलाला एकट्याला कशाला पाठवायचं? आई, बाबा, मुलं, आजी, वर सामान बांधलं आणि सगळे समुद्रावर! शेजारच्या आजोबांनी सहाशे घेतली. त्यांची मुलं मनोऱ्यात कधीच राहिली नाहीत. ज्या कंपनीने मनोरा बांधला, तिच्याच गाडीने तो रिकामा करायला हातभार लावला. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत किनाऱ्यावरची पुष्कळशी शिबिरं ओस पडली. मनोरा आज सुट्टीला येणाऱ्यांच्या मुक्कामासाठी वापरतात, आत बदल केले आहेत. कात्तोलिकाच्या जहाजांत मत्स्यालय आहे. मीलानो मारित्तिमाला वारेझे शहराचं एक भलंमोठं शिबिर होतं, मारिओ लोरेती यांनी बांधलेलं. ते पडीक झालं आणि १९८३च्या एका भयपटाचं चित्रीकरण तिथे झालं. मुलांसाठी बांधलेल्या इमारतीचा शेवट भुताच्या सिनेमात!

आमच्या चाळीतल्या मुलांना असं शिबिर कुणी दिलं नाही. आम्हाला मे महिना होता. वर्षाची परीक्षा संपली की एसटी, आणि एसटीने गुहागरकडचं आजोळ. आजीच्या पडवीत आम्ही चौदा भावंडं रांगेने झोपायचो, गोधडीला गोधडी लावून. तसं पाहिलं तर तेही शयनगृहच! पण कुणाशेजारी झोपायचं ते आम्ही ठरवायचो, आणि त्यावरून भांडायचो. रात्री कुणी रडलं तर आजी अंधारात नाव घेऊन विचारायची. चुकायची नाही. मात्र आजोळाचं कौतुक करताना मी एक विसरत नाही. आमच्या शेजारच्या खोलीतल्या दोन बहिणींना गावच नव्हतं. त्या मे महिनाभर जिन्यात बसून असायच्या, आणि आम्ही जूनमध्ये परत आलो की आमच्या गमती ऐकायच्या. आंबे आम्ही त्यांच्यासाठी आणायचो, पण आंबे म्हणजे समुद्र नव्हे. त्या दोघींसाठी कुणीतरी काहीतरी बांधायला हवं होतं. म्हणून मी मनोऱ्याला नुसती हसू शकत नाही. चुकीच्या मापाचा का होईना, त्याने आठ वर्षांच्या मुलाला समुद्र दाखवला.

आता आपल्याकडे येते. सेक्रेटरीसाहेब, घड्याळ बघू नका, पाचच मिनिटं.

बी विंगच्या मागे आपली एक जागा आहे. साधारण चाळीस फूट बाय पंचवीस. पंचवीस वर्षांपूर्वी आपण राहायला आलो तेव्हा तिथे वाळू होती, दोन झोके होते, घसरगुंडी होती. तुमच्यातले जे आज गाड्या चालवतात, त्यातल्या निम्म्यांचे गुडघे तिथे फुटलेले मी पाहिलेत. मग नऊ वर्षांपूर्वी झोक्याची साखळी तुटली आणि एका मुलाचा हात मोडला. देवाच्या दयेने हात नीट जुळला. आपण काय केलं? झोके काढले, फाटकाला कुलूप लावलं आणि पाटी लावली : 'येथे खेळण्यास सक्त मनाई आहे. – आदेशावरून'. आदेश कुणाचा? कार्यकारिणीचा. त्या वर्षी कार्यकारिणीत मी होते. त्या ठरावावर माझी सही आहे. तीस वर्षं मुलांना वास्तुकला शिकवली, आणि साखळी बदलायचा ठराव मांडायचं मला सुचलं नाही. साखळी तेव्हा काही फार महागाची नव्हती. पण कुलूप त्याहून स्वस्त होतं, आणि कुलपावर सगळ्यांचं लगेच एकमत झालं.

पुढच्या महिन्याच्या सर्वसाधारण सभेत विषय क्रमांक सहा असा आहे, की ती जागा पार्किंगला द्यावी. अकरा गाड्या बसतील. गाड्या वाढल्यात, हे खरं आहे. रात्री उशिरा येणाऱ्याला बाहेर रस्त्यावर लावावी लागते, आरसे चोरीला जातात, हेही खरं आहे. मी मोटारीच्या कारखान्यातल्या फिटरची मुलगी आहे, गाडीला नावं ठेवणार नाही. गाडीवर आमचं घर चाललं.

पण गेल्या डिसेंबरात माझी नात आली होती, सात वर्षांची. इथे ती तीन आठवडे राहिली. रोज संध्याकाळी जिन्याच्या खिडकीशी चवड्यांवर उभी राहून खाली बघायचा प्रयत्न करायची. आपल्या जिन्याच्या खिडकीचा कट्टा पावणेचार फुटांवर आहे, मी मोजला. तिचे डोळे साडेतीन फुटांवर. शेवटी मी तिला उचलून धरलं. तिने खाली पाहिलं, गाड्या पाहिल्या, आणि विचारलं, "आजी, इथली मुलं कुठे असतात?" मी म्हटलं, क्लासला असतात, घरात असतात. तिला ते पटलं नाही. मलाही नाही. आपल्या सोसायटीत बारा वर्षांखालची एकतीस मुलं आहेत. मी मागच्या आठवड्यात घरोघर जाऊन मोजली. बऱ्याच जणांना वाटलं, मी वर्गणी मागायला आले.

आणि ऑफिसमधून मी आपल्या इमारतीचे मंजूर नकाशेही काढून पाहिले. त्या चौकोनात काय लिहिलंय सांगू? 'मुलांसाठी खेळाची जागा'. तेव्हा ती जागा आपण मुलांना द्यायची की नाही, हा प्रश्नच नाही. दिलेलीच आहे. परत घ्यायची की नाही, एवढाच प्रश्न आहे.

मी फार मोठं काही मागत नाही. मनोरा नको, जहाज नको. रंगीत प्लॅस्टिकची महागडी खेळणी आणि त्यावर देणगीदारांची नावंही नकोत. एक ट्रक वाळू, दोन झोके नव्या साखळ्यांसकट, आणि दर सहा महिन्यांनी साखळी तपासायची जबाबदारी. ती जबाबदारी मी घेते, तसं लिहून देते. पार्किंगसाठी एक नकाशा मी काढला आहे. पुढच्या बाजूला गाड्या तिरक्या लावल्या आणि बंद पडलेल्या तीन गाड्या हलवल्या, तर आठ गाड्यांची सोय होते. अकरा नाही, आठ. उरलेल्या तीन गाड्यांचं उत्तर माझ्याकडे नाही. ते सगळ्यांनी मिळून शोधू या. नकाशा सूचनाफलकावर लावला आहे, त्यात चुका दाखवा, मी दुरुस्त करीन. आणि बंद गाड्या कुणाच्या ते मी इथे सांगणार नाही. त्यातली एक माझ्या दिवंगत यजमानांची आहे. सहा वर्षं मला ती हलवायचा धीर झाला नाही. परवा भंगारवाल्याला फोन केला आहे.

एक विनंती. उद्या रविवार आहे. सेक्रेटरीसाहेब, कुलपाची किल्ली तुमच्याकडे आहे. संध्याकाळी पाच ते सहा, एकच तास, ते फाटक उघडा. मी खुर्ची टाकून बसते. ज्यांना पार्किंग हवंय त्यांनी तर जरूर यावं, आणि येताना मुलांना, नातवंडांना घेऊन यावं. एक तास नुसतं बसू या. सहाव्या विषयावर मत कुणाला द्यायचं ते त्यानंतर ठरवा. तुमचं मत माझ्याविरुद्ध गेलं तरी मी गच्चीच्या गळतीवर बोलायला येईन, हा शब्द देते.

 चहा तयार आहे असं मला खुणेने सांगताहेत, तेव्हा थांबते.

(ता. क. : रविवारी फाटक उघडले होते. सत्तावीस मुले आली होती. सर्वसाधारण सभेचा निर्णय ही स्मरणिका छपाईला जाईपर्यंत झालेला नाही. – संपादक मंडळ)